वेबसाइटच्या डेटाबेसचं लायसन्स: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापुरातलं साडीचं दुकान असो, निपाणीची सौहार्द पतसंस्था असो की टिळकवाडीतला एखादा क्लास, वेबसाइट करायला घेतली की कोटेशनमध्ये 'डेटाबेस', म्हणजे साइटची माहिती साठवणारं सॉफ्टवेअर, अशी एक ओळ येतेच. कुणाच्या कोटेशनमध्ये तिच्यापुढं शून्य असतं, कुणाच्या काही लाख. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात आणि दोन्ही चुकीचेही. सगळी उत्तरं वाचायची गरज नाही. साधी वर्डप्रेसची साइट असेल तर पहिली तीन वाचा आणि कामाला लागा. पतसंस्थेच्या मंडळींनी आणि स्वतः सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांनी मात्र पुढचंही वाचावं.

आमच्या साइटला डेटाबेसचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं का?

बहुतेकांना नाही. वर्डप्रेसच्या साइटमागं मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस असतो. दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतात आणि होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर आधीच बसवलेले असतात. त्यासाठी कुणी वेगळी रक्कम लावली असेल तर ती बसवण्याची आणि देखभालीची मजुरी आहे, लायसन्सची किंमत नाही. मजुरी घ्यायला हरकत काहीच नाही, पण तिला लायसन्स म्हणू नये.

पैसे पडत नाहीत म्हणजे लायसन्सच नाही, असं मात्र नव्हे. डेटाबेस सॉफ्टवेअर ही कुणाच्या तरी मालकीची कृती असते आणि लायसन्स म्हणजे ती वापरायची परवानगी. उद्यमबागच्या फौंड्रीवाल्यांना हे लगेच कळतं: गिऱ्हाइकाचं पॅटर्न तुमच्या शेडमध्ये असतं, त्यावर कास्टिंग काढायची मुभा असते, पण पॅटर्न तुमचं होत नाही.

ही परवानगी कशाला लागते ते तीन गोष्टींवर ठरतं. तुम्ही ते सॉफ्टवेअर नुसतं चालवताय, दुसऱ्याच्या हातात देताय, की भाड्यानं लावताय? खालचे जवळजवळ सगळे प्रश्न फिरून इथंच येतात.

फुकट मिळतं आणि ओपन सोर्स आहे, यात फरक काय?

मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते ओपन सोर्स नाही. त्याला आकाराची आणि मेमरीची मर्यादा आहे, कोड बघता येत नाही आणि पुढच्या आवृत्तीत काय द्यायचं ते कंपनी ठरवते. मारियाडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल यांचा कोड खुला आहे, तिथं 'इतक्या जीबीनंतर पैसे भरा' असा प्रकारच नाही. एसक्यूलाइट तर त्याहून पुढं गेलेलं आहे. त्याच्या कर्त्यांनी कॉपीराइटच सोडून दिला आणि कोड सार्वजनिक मालकीचा केला. लहान साइटला, विशेषतः जिथं लिहिणारा एकच आणि वाचणारे पुष्कळ असतात, ते छान चालतं. आपल्याकडं त्याचा विचार फार कमी लोक करतात.

मायएसक्यूएल आता ओरॅकलचं आहे म्हणे. उद्या पैसे मागितले तर?

मूळची स्वीडनची मायएसक्यूएल एबी ही कंपनी २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सनं घेतली आणि २०१० साली ओरॅकलनं सनलाच घेतलं. हे होणार असं दिसताच मायएसक्यूएलच्या मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच कोडवरून मारियाडीबी सुरू केलं. तुम्ही विचारताय तोच प्रश्न त्यांनाही पडला होता.

जीपीएलखाली एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीची परवानगी परत घेता येत नाही. उद्या नवी आवृत्ती फक्त पैसे घेऊन द्यायची असं ओरॅकलनं ठरवलं, तरी आजची तुमच्याकडची तशीच कायदेशीर राहते. शिवाय ओरॅकल मायएसक्यूएलच्या विकाऊ आवृत्त्या आजही विकतंच. त्यात जास्तीची साधनं आणि मदत मिळते. तुमच्या दुकानाच्या साइटला त्यांची गरज नाही.

जीपीएलमुळं आमच्या साइटचा कोड सगळ्यांना द्यावा लागेल, असं एका डेव्हलपरनं सांगितलं. खरं का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर सांगतो.

जीपीएलची अट लागते ती सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला देताना. तुमच्या सर्व्हरवर मारियाडीबी चालतंय आणि लोक ब्राउझरमधून साइट बघताहेत, इथं मारियाडीबीची प्रत कुणाच्याच हातात जात नाही. लोकांना फक्त पान दिसतं. तेव्हा अट लागतच नाही. तुमचा पीएचपी भाषेतला कोड, तुमची किंमत-यादी, तुमचे हिशेब सगळे तुमचेच. एजीपीएल नावाचा याचा एक कडक भाऊ आहे. त्यात सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बदल करून ते नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं, तर तो बदललेला कोड त्यांना उपलब्ध करावा लागतो. पण मायएसक्यूएल आणि मारियाडीबी एजीपीएलमध्ये नाहीत.

खरा प्रश्न येतो तो सॉफ्टवेअर तयार करून पेनड्राइव्हवर किंवा इन्स्टॉलरमध्ये गिऱ्हाइकाला देणाऱ्यांचा. समजा संकेश्वरच्या मिरची व्यापाऱ्यांसाठी तुम्ही आवक-जावकचा प्रोग्राम केला आणि डेटाबेससकट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. आता प्रत दिली गेली. डेटाबेस सर्व्हर वेगळा आणि तुमचा प्रोग्राम वेगळा असेल तर सर्व्हरपुरत्या जीपीएलच्या अटी पाळायच्या, म्हणजे लायसन्सचा मजकूर काढायचा नाही आणि सोर्स कोड मिळेल अशी सोय ठेवायची. मारियाडीबी जसं आहे तसं दिलं तर यात अवघड काही नाही.

अडकायला होतं ते प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात. ओरॅकलची जावासाठीची कनेक्टर लायब्ररी जीपीएलमध्ये आहे. ती तुमच्या बंद, म्हणजे कोड न देता विकायच्या, प्रोग्राममध्ये जोडून विकलीत तर प्रश्न उभा राहतो, आणि ओरॅकल व्यावसायिक लायसन्स विकतं ते अशाच ठिकाणी. मारियाडीबीच्या कनेक्टर लायब्ररी एलजीपीएल या जीपीएलच्या सैल भावात आहेत. त्या बंद प्रोग्रामला जोडता येतात, लायब्ररीपुरत्या अटी पाळल्या की झालं. पीएचपीमध्ये काम करणाऱ्यांना ही चिंता नाही, कारण पीएचपीची स्वतःची मायएसक्यूएल जोडणी पीएचपीच्याच लायसन्सखाली येते. थोडक्यात, विकायचा प्रोग्राम जावात लिहिणार असाल तर पहिल्याच दिवशी लायब्ररी बघून घ्या.

आणि पोस्टग्रेएसक्यूएल?

त्याचं लायसन्स जेमतेम पानभर आहे. चालवा, बदला, विका, बंद पेटीत घालून द्या; फक्त कॉपीराइटची सूचना आणि तो मजकूर सोबत ठेवा. सुरुवात बर्कलीच्या विद्यापीठातली, हे नाव १९९६ पासूनचं, आणि मागं मालक म्हणून एकच कंपनी नाही. नवीन काही बांधत असाल तर माझं मत पोस्टग्रेएसक्यूएलला.

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर आहे आणि पाच कॅल (वापरणाऱ्यांमागची लायसन्सं) आहेत. आता सभासदांना घरबसल्या खातं बघता यावं म्हणून साइट करायची आहे. त्याच लायसन्सवर भागेल का?

भागणार नाही. आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, कारण बाहेरून बघताना काहीच बदललेलं नसतं: तोच सर्व्हर, तोच डेटाबेस, फक्त एक वेबसाइट जोडली.

एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड दोन पद्धतींनी विकलं जातं. पहिल्या पद्धतीत सर्व्हरचं एक लायसन्स आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागं किंवा उपकरणामागं एक कॅल. पाच क्लार्क, पाच कॅल, हिशेब बरोबर. साइट आली की प्रत्येक सभासद त्याच डेटाबेसमधली माहिती बघतो आणि मोजणीत तोही धरला जातो. सभासद थेट डेटाबेसला हात लावत नाही, मध्ये वेबसाइट आहे आणि वेबसाइटचं लॉगिन एकच आहे, हा युक्तिवाद चालत नाही. मध्ये काहीही ठेवून जोडण्या एकत्र केल्या तरी कॅलची संख्या कमी होत नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या नियमात स्पष्ट आहे. रात्री माहिती दुसऱ्या डेटाबेसमध्ये आपोआप ढकलायची आणि साइट तिथून चालवायची, ही युक्ती पुष्कळजण सुचवतात. आपण सुटलो असं त्यावरून धरू नका. आधी विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या.

दुसरी पद्धत कोरची. यात माणसं मोजत नाहीत, प्रोसेसरचे कोर मोजतात. मग सभासद पाचशे असोत की पन्नास हजार, आतले असोत की बाहेरचे. लायसन्स दोन-दोन कोरच्या पॅकमध्ये मिळतं आणि एका प्रोसेसरला किंवा एका व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं केलेल्या वेगळ्या सर्व्हरला) किमान चार कोरचं घ्यावं लागतं. मशीनला दोनच कोर दिलेत तरी चारचेच पैसे. आठ कोरचा एक प्रोसेसर असेल तर चार पॅक. फक्त व्हर्च्युअल मशीनपुरतेच कोर मोजायचे असतील तर २०२२ च्या आवृत्तीपासून सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्सवरचा जादा पैशांचा करार) किंवा वर्गणीचं लायसन्स लागतं. एंटरप्राइज आवृत्ती तर आता नव्यानं फक्त कोरवरच मिळते.

संचालक मंडळापुढं विषय नेताना हा आकडा आधीच्या कोटेशनमध्ये का नव्हता, असा प्रश्न नक्की येतो. उत्तर एवढंच की आधी साइट नव्हती.

मग फुकटच्या एक्सप्रेसवर साइट चालवली तर?

चालते. एक्सप्रेस प्रत्यक्ष धंद्यात वापरायला परवानगी आहे, कॅल लागत नाहीत. मर्यादा तेवढ्या माहीत हव्यात. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबी, तर २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी. डेटासाठी मेमरी साधारण १.४ जीबी, आणि एक प्रोसेसर किंवा चार कोर यांतलं जे कमी असेल ते. १० किंवा ५० जीबीची ही मर्यादा दर डेटाबेसला आहे आणि ती डेटाच्या फायलींना लागते, लॉगच्या फायलीला नाही. सभासदांचे फोटो, सह्या, स्कॅन केलेली कागदपत्रं डेटाबेसच्या पोटात भरायची सवय असेल तर ही मर्यादा बघता बघता गाठली जाते. ती फायलींच्या फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये फक्त पत्ता ठेवला तर लहान पतसंस्थेला वर्षानुवर्षं पुरतं.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, म्हणजे रोज रात्रीचा बॅकअप डेटाबेसच्या आतून लावता येत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो. ज्यानं बसवून दिलं त्याला हे विचारा.

एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन फुकट आहे आणि त्यात सगळंच आहे. तीच लाइव्ह साइटला का नको?

ती फक्त तयार करायला आणि तपासायला आहे. लोक वापरतात अशा साइटमागं ती ठेवणं हे लायसन्सचं उल्लंघन आहे. व्हीटीयूच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी खुशाल वापरावी. पण तोच प्रोजेक्ट पुढं कॉलेजची प्रवेशाची साइट म्हणून लावला, तर आवृत्ती बदलावी लागते.

होस्टिंग कंपनीकडूनच एसक्यूएल सर्व्हर मिळत असेल तर लायसन्स कुणाचं?

कंपनीचं. होस्टिंग देणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा एसपीएलए नावाचा वेगळा करार असतो. त्याखाली कंपनी दर महिन्याला वापर कळवते आणि पैसे भरते, आणि ते तुमच्या भाड्यात धरलेले असतात. भाडं थांबवलं की तुमचा हक्क संपला. पण महिन्याचा खर्च आधीच माहीत असतो, आणि लहान संस्थेला एकरकमी लाखो घालण्यापेक्षा हे परवडतं.

वेब एडिशन नावाची स्वस्त आवृत्ती याच मार्गानं मिळायची. २०२२ ची आवृत्ती त्यातली शेवटची; २०२५ मध्ये वेब एडिशन नाही. जुन्या कोटेशनवरून पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडत असाल तर तो परत मांडा.

तुम्ही स्वतः घेतलेलं लायसन्स दुसऱ्याच्या सामायिक सर्व्हरवर नेता येईल का, हेही पुष्कळजण विचारतात. त्यासाठी सॉफ्टवेअर ॲश्युरन्स चालू असावं लागतं किंवा लायसन्स वर्गणीचं असावं लागतं. नुसतं एकदा घेतलेलं लायसन्स नेता येत नाही.

मी स्वतः होस्टिंग विकतो. मला काय बघायला हवं?

मारियाडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल देत असाल तर काही नाही. एसक्यूएल सर्व्हर द्यायचा असेल तर एसपीएलएशिवाय देऊ नका. दुकानातून आणलेल्या एका लायसन्सवर दहा गिऱ्हाइकं बसवता येत नाहीत. होस्टिंगची खाती सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलचं लायसन्स हा वेगळाच खर्च. सीपॅनेलनं २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर दर लावलाय, तो विसरू नका.

मोंगोडीबी आणि रेडिस या डेटाबेसनी लायसन्स बदललं, त्याचा आम्हाला त्रास होईल का?

तुम्ही तुमच्या साइटमागं ते वापरत असाल तर नाही. मोंगोडीबीनं ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल सोडून एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स आणलं. त्यातली कडक अट अशी की मोंगोडीबी हीच सेवा म्हणून दुसऱ्यांना विकायची असेल तर ती सेवा चालवायला लागणारा सगळा कोड खुला करावा लागतो. रोख होता मोठ्या क्लाउड कंपन्यांवर. काही लिनक्स वितरणांनी मग मोंगोडीबी आपल्या भांडारातून काढून टाकलं, म्हणून ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं.

रेडिसनं हीच वाट मार्च २०२४ मध्ये धरली. लगेच लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली वाल्की नावाची फांदी फुटली आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ बरोबर एजीपीएलचा पर्यायही देण्यात आला. तुमच्या सर्व्हरवर ७.२ किंवा त्याआधीचं रेडिस असेल तर ते जुन्या, सैल बीएसडी लायसन्समध्येच आहे. मला विचाराल तर नव्या सर्व्हरवर वाल्की टाका आणि हा विषय डोक्यातून काढा.

ओरॅकल डेटाबेस?

पब्लिक वेबसाइटला माणसं मोजता येत नाहीत, म्हणून तिथंही प्रोसेसरवर लायसन्स. कंपनीच्या जाहीर किंमत-यादीत एंटरप्राइज एडिशनचा दर बरीच वर्षं एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर होता. बँक नसाल तर पुढचा प्रश्न वाचा.

क्रॅक केलेलं लावून देतो म्हणाला. 'सगळेच वापरतात' हे खरं आहे ना?

कॉपीराइट कायदा १९५७ मधलं ६३ बी हे कलम यासाठीच आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, पण दुकानाच्या किंवा पतसंस्थेच्या साइटला ही सवलत कशी मिळणार? आणि कलमात 'वापरणारा' आहे. लावून देणारा तोवर धारवाडला गेलेला असतो.

साइट करणाऱ्यानं काम सोडलं. डेटाबेस कुणाचा?

आतली माहिती तुमची. डेटाबेसचं सॉफ्टवेअर ज्याच्या त्याच्या लायसन्सप्रमाणे. साइटचा कोड मात्र करार नसेल तर लिहिणाऱ्याचा. नोकरीत असलेल्या माणसानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो, बाहेरून काम करून देणाऱ्याचा आपोआप होत नाही. पैसे पूर्ण दिले तरी नाही. हक्क लेखी करारानं तुमच्या नावावर व्हावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा या दोन ओळी करारात घालाच.

लायसन्स कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून घ्यावं की बंगळूरच्या?

लायसन्सला सीमा नाही, जीएसटीला आहे. कोल्हापूरचा विक्रेता महाराष्ट्रातला, म्हणून बिलावर १८ टक्के आयजीएसटी. बंगळूरचा किंवा बेळगावचाच असेल तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. रक्कम तीच. नोंदणी असेल तर नियमात बसेल तसं क्रेडिट दोन्हीकडं मिळतं. परदेशी कंपनीकडून थेट घेतलं आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर कर तुम्हालाच रिव्हर्स चार्जनं भरावा लागतो. ही गोष्ट तुमच्या सीएंना बिल आल्या दिवशीच सांगा.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं?

डेटाबेसचं नाव, आवृत्ती आणि एडिशन. नुसतं 'डेटाबेस सर्व्हर' नको. मोजणी कशावर, कोर की कॅल. लायसन्स कुणाच्या नावावर, आणि होस्टिंग बदललं तर ते बरोबर येतं का. मारियाडीबी असेल तर 'लायसन्स खर्च शून्य' असं स्पष्ट. आणि ती आवृत्ती अजून चालू आहे का हेही: मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तरी ती आजही लोकांच्या सर्व्हरवर दिसते.

साइट मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. लायसन्स दोन लागतील का?

नाही, एकच. डेटाबेसला भाषेशी देणंघेणं नाही. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीत टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ या अक्षर-पद्धतीत करून घ्या, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावं-पत्त्यांचे रकाने एन-व्हारचार या प्रकारचे करा. साध्या व्हारचारमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि एकदा तशी साठवली गेली की मूळ अक्षरं परत काढता येत नाहीत.